रायझेन ७ ७८००एक्स३डी : एसओसी व्होल्टेज किती ठेवावे?

प्रश्न : माझ्याकडे हा प्रोसेसर आणि डीडीआर५-६००० रॅम आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग, सुरू केल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे) आपोआप १.२८ व्होल्टपर्यंत चढते. ते हाताने कमी करावे का?

उत्तर १ : होय. काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारींनंतर एएमडीने २०२३ मध्ये या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, त्यामुळे आपला आकडा मर्यादेत बसतो. पण कड्याच्या टोकावर उभे राहण्याचे कारण नाही. आधी बायोस अद्ययावत करावा, मग १.२५, १.२० असे उतरत जावे आणि प्रत्येक पायरीवर रॅमची चाचणी काही तास चालवावी.

उत्तर २ : कोअर व्होल्टेज (गणना करणाऱ्या मुख्य भागांचे) मात्र वाढवू नये. या प्रोसेसरचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) मुळातच कुलूपबंद आहे, आणि वरच्या कॅशेच्या (जलद स्मृतीच्या) थरामुळे उष्णता बाहेर पडणे कठीण होते. कर्व्ह ऑप्टिमायझर ऋण ठेवल्यास, म्हणजे तेवढ्याच वेगाला कमी व्होल्टेज दिल्यास, तापमान उतरते आणि वेगही थोडा वाढू शकतो.

प्रश्नकर्ता : १.२० वर रात्रभर एकही चूक आली नाही, १.१५ वर तासाभरातच आली. १.२० वरच थांबतो. आभारी आहे.