आठ वर्षांच्या मुलीच्या चष्म्याचा नंबर दोन दुकानांत वेगवेगळा आला. कोणता खरा मानावा?

प्रश्न

आम्ही कऱ्हाडजवळच्या गावात राहतो. माझी मुलगी तिसरीत आहे आणि फळ्यावरचे उतरवून घेताना ती डोळे बारीक करते, असे वर्गशिक्षिकेने सांगितल्यावर मी तिला बाजारपेठेतील एका चष्म्याच्या दुकानात नेले. यंत्रापुढे हनुवटी टेकवून दोन मिनिटांत कागदाची पट्टी हाती आली. उजवा डोळा उणे १.७५, डावा उणे १.५० असे सांगण्यात आले. खात्रीसाठी दुसऱ्या दुकानात गेले, तर तेथे दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे १ निघाला. आमच्या सासूबाईंचे म्हणणे असे, की लहान वयात चष्मा लागला की नंबर वाढतच जातो, म्हणून थोडा कमी नंबर द्यावा. कोणाचे ऐकावे, हे मला कळत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, आहे आणि तुम्हाला कळकळीने सांगते, की यांपैकी कोणत्याही आकड्यावर अजून चष्मा करू नका. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग फार लवचिक असते. यंत्रात डोकावताना चित्र दूरचे असले तरी मूल ते जवळचे समजून डोळ्यावर ताण देते, भिंग फुगते आणि उणे नंबर असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. त्या क्षणी मुलाने किती ताण दिला त्यानुसार आकडा बदलतो, म्हणूनच दोन दुकानांत दोन उत्तरे आली. हा ताण सैल करणारे थेंब टाकून केलेली तपासणीच या वयात ग्राह्य धरावी. तुमच्या मुलीच्या वयात बहुधा होमॅट्रोपीन किंवा सायक्लोपेंटोलेट वापरतात आणि ते नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच टाकले जातात. थेंबांनंतर बाहुली मोठी होते, उजेड खुपतो आणि एकदोन दिवस जवळचे अंधुक दिसते. त्याने घाबरू नये, मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी ठेवू नये. असर उतरल्यावर पुन्हा बोलावून अक्षरांच्या तक्त्यावर नंबर पक्का करतात. या दुसऱ्या तपासणीला आम्ही ‘पीएमटी’ म्हणतो, आणि पालक बहुतेक वेळा नेमकी हीच दुसरी फेरी टाळतात.

आणखी एक गोष्ट आजच करा. यंत्राची ती कागदाची पट्टी काढून पाहा. तिच्यावर पहिल्या रकान्याशेजारी सिलिंडर (डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा नंबर) आणि अक्ष (तो नंबर कोणत्या कोनात बसवायचा ते) असे आणखी दोन रकाने असतात; तेही वाचा.

प्रतिसाद २

कमी नंबरचा चष्मा दिल्याने वाढ थांबत नाही, हे सासूबाईंना नम्रपणे सांगावे. उणे नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा लांबीला वाढल्यामुळे, चष्म्यामुळे नव्हे. रोज दीड-दोन तास मुलांनी मोकळ्या उजेडात खेळणे मात्र खरोखर उपयोगी आहे, विशेषतः चष्मा लागण्यापूर्वी.

मी हे पोटतिडकीने लिहितो, कारण आमच्या मुलाचा एक डोळा आम्ही सहाव्या वर्षापर्यंत तपासलाच नव्हता. दोन्ही डोळे उघडे असताना तो सगळे वाचायचा. दवाखान्यात उजव्या डोळ्यावर झाकणी धरली, तेव्हा तो मान वाकडी करून तिच्या कडेने पाहू लागला आणि तेव्हाच सगळे उघडकीस आले. डाव्या डोळ्याला अधिक (प्लस) पावणेचारचा नंबर होता आणि तो डोळा आळशी झाला होता, म्हणजे मेंदू त्याचा वापरच करत नव्हता. चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधली, तेव्हा वर्षभरात बरीच दृष्टी आली. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हा उपचार सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणून तुम्ही दिवस घालवू नका.

प्रतिसाद ३

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. खर्चाची अडचण असेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही वर्षातून एकदा शाळेत येते आणि ज्या मुलांना गरज आहे त्यांना पुढे पाठवते. शाळकरी मुलांना शासनाकडून मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. तपासणीच्या वेळी मुलीचा प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून वाचून घेतला जातो ना, हे स्वतः जवळ उभे राहून पाहावे. मुले बोटांच्या फटीतून बघतात, त्यामुळे तळहाताऐवजी झाकणी किंवा जाड पुठ्ठा हवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पट्टी काढून पाहिली. डाव्या डोळ्यापुढे सिलिंडरच्या रकान्यात उणे १.५० आणि अक्ष १८० छापलेले होते, पण दुकानात मला फक्त पहिला रकाना वाचून दाखवला होता. काल उपजिल्हा रुग्णालयात थेंब टाकून तपासणी झाली. उजवा डोळा केवळ उणे ०.५० आणि डाव्याचा सिलिंडर मात्र पट्टीवर होता तेवढाच, उणे १.५०, निघाला. डाव्या डोळ्याने ती चष्म्याच्या काचा लावूनही तक्त्यावर ६/९ पर्यंतच (सर्वसाधारण ६/६ पेक्षा कमी) वाचते, म्हणून दुसऱ्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागेल का, हे तिने काही काळ चष्मा वापरल्यावर डॉक्टर ठरवणार आहेत. चार दिवसांनी पुन्हा बोलावले आहे आणि तोवर आम्ही चष्मा करायला टाकलेला नाही.