मदत हवी आहे: ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचा एक वापर मुलांना कसा समजावावा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी सातवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ‘गेट’चे सुटे अर्थ मुलांना जमतात: ‘गेट अ लेटर’ म्हणजे मिळणे, ‘गेट टायर्ड’ म्हणजे थकणे, ‘गेट टू यवतमाळ’ म्हणजे पोहोचणे. आपल्याकडे भूक लागते, फोन लागतो, नोकरी लागते आणि घाटात बसही लागते, त्यामुळे एकाच क्रियापदाने इतकी कामे करावीत याचे त्यांना नवल वाटत नाही.

अडते ते ‘गेट’नंतर कर्म आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले की. ‘आय गॉट द पंप रिपेअर्ड’ म्हणजे ‘पंप दुरुस्त करून घेतला’, असे सांगून मी फळ्यावर नियम लिहिला की काम दुसऱ्याने केले, करवून घेणारे आपण. दुसऱ्याच दिवशी आठवीतल्या एका मुलीने ‘शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर’ हे वाक्य आणले आणि दारात बोट मुद्दाम कोण अडकवून घेईल, असे विचारले. नियम तिथेच कोलमडला.

नंतर लक्षात आले की आपले ‘घेणे’ही असेच दुटप्पी आहे. न्हाव्याकडून केस कापून घेतले, यात इच्छा आहे. सोयाबीन सोंगताना विळ्याने बोट कापून घेतले, यात ती नाही, तरीही मराठीत कोणी गोंधळत नाही. ही तुलना मुलांना पटली, पण ती इंग्रजीत कुठवर टिकते हे जाणकारांनी सांगावे.

बॅग चोरीला गेली असता ‘ही हॅड हिज बॅग स्टोलन’ म्हणतात. तिथे ‘गॉट’ घातले तर त्यानेच चोरी करवली असा अर्थ निघेल का, की निष्काळजीपणाची छटा येईल? तसेच ‘आय गॉट हिम टू रिपेअर इट’मध्ये ‘टू’ लागतो आणि ‘आय हॅड हिम रिपेअर इट’मध्ये लागत नाही, पहिल्यात मनधरणी आणि दुसऱ्यात नुसते सांगणे, असा फरक मी शिकवतो, तो बरोबर आहे का?

उदाहरणे शेतीवाडीची, घरची असावीत, ही विनंती. विमानतळाची आणि हॉटेलची पुस्तकात भरपूर आहेत.