टोकियो–लॉस एंजेलिस: जाताना १० तास, येताना १२?

खिडकीची_सीट: डिसेंबरात टोकियोच्या हानेदा विमानतळावरून लॉस एंजेलिसला जायचंय. अंतर साधारण ८,८०० किमी दिसतंय. ताशी ९००नं भागलं तर पावणेदहा तास, म्हणजे जातानाचे १० तास पटतात. मग परतीला १२ कसे? विमान तेच, अंतरही तेच. त्यात संध्याकाळी ५ला निघून त्याच तारखेला सकाळी १०ला पोचतंय म्हणे!

भूगोलप्रेमी: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्याचा परिणाम असणार.

डिस्पॅच_डेस्क: अहो, पृथ्वीला मध्ये आणू नका. तसं असतं तर लॉस एंजेलिस विमानापुढे पळालं असतं आणि जायलाच जास्त वेळ लागला असता. हवा पृथ्वीसोबतच फिरते.

रोज रूट काढणं हेच माझं काम, म्हणून सांगते. सगळा खेळ जेट स्ट्रीमचा. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमका विमानांच्या पातळीवर असतो. हिवाळ्यात जपानजवळ तो फार जोरात असतो, गाभ्यात ताशी ३०० किमीच्याही वर जातो. वाटेत सरासरी १००चाच धरा. जाताना वेग १,०००, म्हणजे ८ तास ४८ मिनिटं. येताना ८००, म्हणजे ११ तास. वाचलं त्यापेक्षा गेलं जास्त, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. याशिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. टॅक्सी (म्हणजे गेट ते रनवे विमानाचं जमिनीवरून हळू जाणं), रनवेची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

आणि 'अंतर तेच' हेही खरं नाही. ८,८०० हे गोलावरचं सर्वांत कमी अंतर. ती वाट ४७–४८ अंश उत्तरेपर्यंत चढते. सपाट नकाशावर सरळ रेघ ओढलीत तर ९,३०० भरेल. आम्ही मात्र दोन्ही सोडून वारा बघतो. जाताना जेटवर स्वार व्हायला दक्षिणेकडे सरकतो, येताना त्याला चुकवायला पार अलास्काच्या बाजूनं वर जातो. किलोमीटर वाढतात, पण वेळ आणि इंधन वाचतं. म्हणून अंतराच्या साइटवरून वेळ काढू नये. कालची वाट आज नसते.

खिडकीची_सीट: भारी! आणि ते ५ला निघून १०ला?

डिस्पॅच_डेस्क: हिवाळ्यात लॉस एंजेलिस टोकियोच्या १७ तास मागे. तुम्ही निघता तेव्हा तिथे त्याच तारखेचे रात्रीचे १२ वाजलेले असतात, त्यात १० तास मिळवा. परतीला उलट: सकाळी ११ला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी ४ला टोकियो. पुढचं विमान बुक करताना तारीख नीट बघा, आणि परतीच्या बाजूला मध्ये मोकळा वेळ जास्त ठेवा. डिसेंबरात वारा कधीकधी १२ तासांनाही जुमानत नाही.

भूगोलप्रेमी: मग मार्चनंतर १६ तास ना? तिकडे घड्याळ पुढे करतात.

डिस्पॅच_डेस्क: बरोबर. जपानमध्ये घड्याळाला कोणी हात लावत नाही.