मदत हवी आहे: खेळण्यांच्या पसाऱ्याचं करू तरी काय?

नमस्कार मंडळी. ठाण्यात वन बीएचके, मुलं दोन. मोठा 6 वर्षांचा, धाकटी साडेतीन. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. काल रात्री पाणी प्यायला उठले आणि अंधारात टाच नेमकी ब्लॉकवर पडली. ओरडताही येईना, धाकटी नुकतीच झोपलेली. सकाळी कुकरची शिट्टी सापडेना, ती निघाली भातुकलीच्या पातेल्यात!

झाकणाचे टब आणून झाले. आता टब उपडा करणं हाच नवा खेळ. "आवरा" म्हटलं की मोठा म्हणतो, "हे तिने काढलंय." अर्धी खेळणी माळ्यावर टाकून दर 15 दिवसांनी बदलायची, असं बहीण सांगते. पण नातवंडांनी जरा तोंड वाकडं केलं की सासूबाई लगेच शिडी लावायला लावतात. (सावंतवाडीची लाकडी भातुकली मात्र कुणाला देणार नाही, ती माझ्या लहानपणची आहे.)

तुमच्याकडे ही अदलाबदल खरंच टिकली का? आणि बारीक ब्लॉक्स कशात ठेवता, जे धाकटीला उघडता येणार नाही? "मुलं आहेत, चालायचंच" सोडून काहीही सांगा.