डर्क पिट मालिकेची सुरुवात ‘रेज द टायटॅनिक’पासून करावी का? (सल्ला हवा)

पारवा
क्लाइव्ह कसलरची डर्क पिट या नायकाच्या साहसकादंबऱ्यांची मालिका वाचायची ठरवली आहे. यादीत वीसहून जास्त पुस्तकं दिसतात आणि बरेच जण तिसऱ्यापासून, म्हणजे ‘रेज द टायटॅनिक’पासून सुरुवात करा म्हणतात. पुस्तक १९७६ चं आहे. खरं जहाज सापडलं १९८५ मध्ये, तेही दोन तुकड्यांत. मग अख्खं जहाज वर काढण्याची गोष्ट आज वाचवते का? आधीची दोन वाचणं गरजेचं आहे का? आणि घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला वाचायला द्यायला चालेल का? शेवट कृपया फोडू नका.

जुनी होडी
तिसऱ्यापासून सुरुवात करा. आधीच्या दोन पुस्तकांतलं काहीही ठाऊक नसलं तरी अडत नाही. पिट कोण, जिओर्डिनो कोण, अ‍ॅडमिरल सँडेकर कोण आणि ‘नुमा’ ही समुद्रसंशोधन संस्था काय करते, हे सगळं या पुस्तकात नव्याने सांगितलं आहे.

क्रम असा: ‘द मेडिटरेनियन केपर’ १९७३, ‘आइसबर्ग’ १९७५, ‘रेज द टायटॅनिक’ १९७६, ‘व्हिक्सन ०३’ १९७८, ‘नाइट प्रोब’ १९८१. १९८३ मध्ये आलेलं ‘पॅसिफिक व्होर्टेक्स’ लिहिलं गेलं होतं सगळ्यांत आधी, छापलं मात्र नंतर. काही याद्यांत म्हणून ते पहिल्या क्रमांकावर असतं. तिथून सुरुवात करू नका. हात अजून बसलेला नव्हता तेव्हाचं लिखाण आहे, ते वाचून पुढची मालिकाच सोडून द्याल.

विकत घेताना एक सांभाळा. ‘द मेडिटरेनियन केपर’ ब्रिटनमध्ये ‘मेडे’ या नावाने निघालं. पुस्तक तेच आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन्ही मुखपृष्ठं शेजारी दिसली तर दोन घेऊ नका.

भरती
जहाज वर काढण्याच्या भागाबद्दल लिहितो. त्याने शेवट फुटत नाही. जहाज वर येतं हे नावातच आहे.

पुस्तकातली पद्धत थोडक्यात अशी: सांगाड्याची भोकं बुजवायची, आत दाबाखालची हवा भरून पाणी बाहेर ढकलायचं आणि चिखलाची पकड सुटावी म्हणून भोवती स्फोट करायचे. चिखलाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. जड वस्तू वर्षानुवर्षं गाळात रुतली की ती सुटताना खालची पोकळी भरायला पाणी लगेच आत शिरत नाही, आणि वजनापेक्षा बरंच जास्त बळ लावावं लागतं. हा मुद्दा लेखकाने टाळला नाही, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

गडबड हवेत आहे. जहाज सुमारे ३,८०० मीटर खोल आहे. तिथला दाब पृष्ठभागाच्या साधारण ३८० पट. इतक्या दाबाखाली हवा हलकी राहत नाही, एका घनमीटरचं वजन ४०० किलोच्या वर जातं. तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचं वजन हजार किलोपेक्षा थोडं जास्त. म्हणजे घनमीटरमागे उचल मिळते फक्त ६०० किलोच्या आसपास. एक टन उचलायचं तर पृष्ठभागावर मोजलेली साडेपाचशे घनमीटर हवा दाबून खाली पाठवावी लागेल. टायटॅनिकचं विस्थापन (म्हणजे भरलेल्या जहाजाचं एकूण वजन) ५२,००० टनांच्या वर होतं. त्यातले तीस हजार टन उचलायचे धरले तरी आकडा दीड कोटी घनमीटरांच्या पुढे जातो.

त्याहून मोठी अडचण वर येताना सुरू होते. अर्ध्या वाटेवर बाहेरचा दाब निम्मा होतो आणि आतली हवा जवळपास दुप्पट पसरू पाहते. सगळी भोकं बुजवलेली असतील तर तिला वाट कुठे आहे? रिव्हेट मारलेले जुने पत्रे आतून फुटतील. हे टाळायला सांगाड्याची खालची बाजू उघडी ठेवावी लागते, म्हणजे जादा हवा आपोआप निसटते. पण मग जहाज कललं की हवा एका टोकाला पळते, ते टोक आणखी उचललं जातं आणि सगळा तोल जातो. अशी वस्तू एकदा सुटली की मध्ये थांबवता येत नाही.

कंदील
@भरती, हिशेब पटला. पण याच कारणासाठी पुस्तक वगळू नये. १९७६ मध्ये वाचकाला हे अशक्य वाटत नव्हतं, कारण त्याहून अचाट गोष्ट नुकतीच उघडकीला आली होती. सोव्हिएत पाणबुडी के-१२९ ही १९६८ मध्ये पॅसिफिकमध्ये सुमारे ४,९०० मीटर खोल बुडाली. अमेरिकेच्या सीआयएने ‘ग्लोमार एक्स्प्लोरर’ नावाचं जहाज बांधून घेतलं आणि समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे काढायचे आहेत असा बहाणा उभा केला. १९७४ च्या उन्हाळ्यात पोलादी नळ्या एकाला एक जोडत खाली नेल्या आणि टोकाच्या पंजात पाणबुडी धरली. वर आणताना पंजा मोडला, बराचसा भाग परत तळाला गेला आणि थोडाच हाती लागला. १९७५ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी हे पुस्तक बाजारात होतं. शीतयुद्ध, बुडालेलं पोलाद, अमेरिका आणि रशियाची त्यावरची ओढाताण, हे सगळं तेव्हाच्या वाचकाला ताजं होतं. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून वाचलंत तर पुस्तक दुप्पट रंगतं.

जहाज अखंड असल्याचं गृहीतकही हवेतलं नव्हतं. ते मोडताना पाहिल्याचं बचावलेल्या प्रवाशांपैकी काहींनी सांगितलं होतं, पण १९१२ च्या ब्रिटिश चौकशीने ते अखंड बुडालं असाच निष्कर्ष काढला. लेखक त्या निष्कर्षाच्या बाजूने गेला. १ सप्टेंबर १९८५ ला रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला अवशेष सापडले तेव्हा नाळ (पुढचा भाग) आणि वरामा (मागचा भाग) यांच्यात सुमारे ६०० मीटर अंतर होतं.

तळटीप
पुस्तकाचा खरा कस जहाज उचलण्यात नाहीच, ते शोधण्याचं कारण ज्या पद्धतीने उलगडतं त्यात आहे. प्रस्तावनेत एप्रिल १९१२: बुडत्या जहाजावर एक माणूस पिस्तूल रोखून एका अधिकाऱ्याला तळातल्या कोठीकडे न्यायला लावतो. तिथून उडी थेट १९८७ मध्ये. अमेरिकेला क्षेपणास्त्रं अडवणारी यंत्रणा उभी करायची आहे आणि तिला लागणारं ‘बायझेनियम’ हे (काल्पनिक) खनिज जगात कुठेच पुरेसं मिळत नाही. माग जातो रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेमल्या बेटावर, तिथून कोलोरॅडोच्या खाणकामगारांच्या एका जुन्या टोळीपर्यंत आणि मग साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर. हा पहिला सुमारे तिसरा हिस्सा मालिकेतल्या सर्वोत्तम पानांपैकी आहे. जुनी पत्रं, खाण कंपनीचे कागद, मेलेल्या माणसांची नावं, यांतून एकेक दुवा निघतो. इथे घाई करू नका. माणसांची नावं आणि गावं एका चिठ्ठीवर लिहीत गेलात तर शेवट उमगताना मजा येते, कारण लेखकाने वाचकापासून काहीही लपवलेलं नाही. पत्ते सगळे टेबलावर उघडे असतात.

मधला भाग मला सैल वाटतो. पाणबुड्यांची नावं, खोलीचे आकडे, बैठका आणि पुन्हा बैठका. तिथे भरभर वाचलं तरी चालेल. जहाज वर आल्यावर येणारं वादळ आणि रशियनांचा डाव, इथे परत पकड बसते.

सांजवेळ
मुलीच्या वयाबद्दल. चौदाव्या वर्षी हे पुस्तक द्यायला हरकत नाही, पण आधी स्वतः वाचा. खून आहेत, हाणामारी आहे, शारीरिक संबंधांचे उल्लेख आहेत, वर्णनं मात्र लांबलचक नाहीत. खटकतं ते बायकांचं चित्रण. डेना सीग्रॅम ही हुशार शास्त्रज्ञ म्हणून येते आणि तिचा संसार मोडण्याचं खापर तिच्या कामावर फोडल्यासारखं लिहिलं आहे. यावर मुलीशी बोलता येईल.

‘द मेडिटरेनियन केपर’ मात्र तिला आत्ता देऊ नका. त्यात नायक समुद्रकिनाऱ्यावर पहिल्याच भेटीत एका तरुणीच्या थोबाडीत मारतो आणि पुस्तकाला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘आइसबर्ग’मध्ये पिट समलिंगी असल्याचं सोंग घेतो, ते ज्या पद्धतीने रंगवलंय ते आज वाचवत नाही. हिमनगात अडकलेलं जळकं जहाज ही त्याची सुरुवात मात्र फार सुंदर आहे.

जुनी होडी
@सांजवेळ, सहमत. म्हणूनच तिसऱ्यापासून. पहिल्या दोन पुस्तकांत पिट नुसता गुर्मीखोर आहे, तिसऱ्यात त्याला विचार करायला लावलं आहे.

भरती
कंदील यांच्या के-१२९ च्या उल्लेखाला पुरवणी. जहाजं वर काढण्याची खरी रीत वाचायची असेल तर स्वीडनचं ‘वासा’ बघा. १६२८ मध्ये बुडालं, ३२ मीटर खोल होतं. पाण्यात उतरलेल्या माणसांनी पाण्याच्या फवाऱ्याने तळाखालून सहा बोगदे खणले, त्यातून पोलादी दोर ओवले, दोर वरच्या तराफ्यांना बांधले. तराफ्यांत पाणी भरून ते खाली करायचे, दोर ताणायचे, मग पाणी उपसायचं, की जहाज थोडं उचललं जातं. असं अठरा टप्प्यांत ते उथळ पाण्यात आणलं आणि १९६१ मध्ये वर काढलं. बळ बाहेरून आणि थोडं थोडं लावलं, म्हणून ते कधीही हातातून सुटलं नाही. कसलरच्या पद्धतीत नेमकं हेच राहून गेलं.

आणि हे आवर्जून सांगायला हवं: हा लेखक फक्त कागदावर जहाजं काढत नव्हता. ‘नुमा’ याच नावाची खरी ना-नफा संस्था त्याने १९७९ मध्ये काढली. अमेरिकी यादवी युद्धातली ‘हनली’ ही पाणबुडी १९९५ मध्ये तिच्या चमूने शोधली आणि २००० च्या ऑगस्टमध्ये ती पाण्याबाहेर आली. तिलाही हवा भरली नव्हती. खालून पट्ट्यांची झोळी घालून, वरच्या लोखंडी चौकटीला टांगून अलगद उचललं.

पारवा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. १९८० चा चित्रपट आधी पाहिला तर चालेल का? आणि हे आवडलं तर पुढचं कोणतं?

तळटीप
चित्रपट आधी नको. रहस्याचा दुवा त्यात उघड होतोच, शिवाय शेवटचा निर्णय पुस्तकाच्या उलट केला आहे, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. खर्च सुमारे चार कोटी डॉलर आणि त्यातला थोडासाच परत आला. जहाजाची प्रतिकृती जवळपास १७ मीटर लांबीची केली. ती मावेल असं टाकं तयार नव्हतं म्हणून माल्टात मोठं टाकं बांधावं लागलं. जहाज पाणी उसळवत वर येतं ते दृश्य आणि जॉन बॅरीचं संगीत, एवढ्यासाठी पुस्तक संपल्यावर जरूर पाहा. कसलर या चित्रपटावर इतका नाराज झाला की पुढची पंचवीस वर्षं पिटवर दुसरा चित्रपट आला नाही. ‘सहारा’ आला तो २००५ मध्ये.

कंदील
पुढचं म्हणून ‘नाइट प्रोब’. ‘रेज द टायटॅनिक’मध्ये जे आवडेल (जुने कागद, बुडालेलं जहाज, दोन सरकारांची शर्यत) ते सगळं त्यात जास्त घट्ट विणलेलं आहे. १९१४ चा एक गुप्त करार. त्याची एक प्रत हडसन नदीवरच्या पुलाशी नाहीशा झालेल्या आगगाडीत, दुसरी ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ या जहाजावर. हे जहाज खरं आहे. २९ मे १९१४ ला सेंट लॉरेन्स नदीत धुक्यात टक्कर होऊन अवघ्या चौदा मिनिटांत बुडालं, हजारांहून अधिक माणसं गेली. ते टायटॅनिकसारखं खोल नाही, पाणबुडे पोचू शकतात, त्यामुळे भरती यांचे आक्षेप इथे फारसे लागू होत नाहीत.

भरती
खरंच लागू होत नाहीत. ‘नाइट प्रोब’मधलं पाण्याखालचं काम जास्त विश्वासार्ह आहे. फक्त ‘व्हिक्सन ०३’ हे क्रमाने या दोन पुस्तकांच्या मध्ये येतं म्हणून ते वाचलंच पाहिजे असं समजू नका. कोलोरॅडोच्या तळ्यात सापडलेलं विमान ही सुरुवात जबरदस्त आहे, नंतरचं युद्धनौकेचं प्रकरण ताणलेलं वाटतं. ते नंतर कधीतरी वाचलं तरी चालेल.

सांजवेळ
वाचताना उत्तर अटलांटिकचा एक नकाशा जवळ असू द्या, नोवाया झेमल्या आणि साउदॅम्प्टन दोन्ही दिसतील असा. मुलीला तो आधी दाखवा. आणि विकिपीडियावरचं पुस्तकाचं पान तिला उघडू देऊ नका, कथासारात शेवटाचं गाव नावानिशी दिलेलं आहे.