डुकरांच्या खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवल्यास मांसात काय फरक पडतो?

दोडामार्गकर : माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची २० डुकरे असून मका, सोयाबीन पेंड व भाताचा कोंडा यांच्या जोडीला त्यांना शिजवलेली टाकाऊ मासळीही घालतो. मांस म्हापशाला जाते. महिनाभर फ्रीझरमध्ये राहिलेल्या मांसाची चरबी खवट लागते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. खाद्यविक्रेता ई जीवनसत्त्वाची पूड सुचवतो. तिचा उपयोग होतो, की तो नुसताच खर्च आहे?

पशुवैद्य : उपयोग होतो. डुकराचे पोट एकाच कप्प्याचे असते आणि गाईम्हशींच्या पोटातील जंतू असंपृक्त (तेलासारख्या पातळ) चरबीचे रूप बदलतात तसे येथे होत नाही, त्यामुळे खाल्लेल्या तेलाची छाप थेट त्याच्या अंगावरील चरबीवर उमटते. मासळी आणि कोंडा या दोन्हींतील तेलाने ती मऊ पडते व हवेतील ऑक्सिजनमुळे लवकर खवटते. फ्रीझरमध्ये ही क्रिया मंदावते, थांबत नाही. ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणात बसून तिला आवर घालते. वाढत्या डुकराच्या प्रकृतीला किलोभर खाद्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. मांस टिकावे म्हणून केलेल्या प्रयोगांत मात्र साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम वापरलेले आढळते. कत्तलीच्या दोन दिवस आधी मूठभर पूड घालून काहीही साधत नाही, कारण स्नायूंत ते साठायला काही आठवडे लागतात.

दोडामार्गकर : आणि ट्रेमध्ये साचणारे गुलाबी पाणी? त्यावरही हाच उपाय लागू पडेल का?

वराहपालक, सावंतवाडी : त्याची खात्री धरू नका, पाण्याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. टेम्पोतून धापा टाकत उतरलेले जनावर लगेच कापले, की मांस ऊन असतानाच त्यातील आम्लता झपाट्याने वाढते आणि ते फिकट, लिबलिबीत होऊन पाणी सोडते. आधी विश्रांती द्यावी, मग मांस लवकर थंड करावे. मांस मऊ व्हावे म्हणून शेवटच्या दिवसांत डी३ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचेही कोणी सुचवील, पण त्याने खाणे मंदावते आणि अतिरेक झाल्यास विषबाधा होते. मी त्या वाटेला जात नाही. पुडीवर पैसे घालण्यापूर्वी शेवटचे दोन महिने मासळी बंद करून पाहा. प्रीमिक्सच्या (जीवनसत्त्वे व क्षारांच्या तयार मिश्रणाच्या) पोत्याचे तोंडही घट्ट बांधून ठेवा: माझे पोते एका पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उघडे राहिले, त्याचे ढेकूळ झाले आणि ते सगळे उकिरड्यावर टाकावे लागले.