मदत हवी आहे : भाचीला राजदूत व्हायचंय, आयएफएसचा फॉर्म कधी निघतो?

केळीवाला_रावेर : भाचीने आयएफएसचं मनावर घेतलंय. बीएस्सी ॲग्री झालीय. वडील म्हणतात बँकेत कृषी अधिकारी हो. घरात रोज कटकट. फॉर्म कधी आणि राजदूत व्हायला किती वर्षं, एवढंच सांगा. क्लासवाला फी घेऊन फोन उचलत नाही. अर्जंट आहे, फाटे फोडू नका.

तापीकाठ : कोणतं आयएफएस, परराष्ट्र सेवा की वनसेवा? ॲग्री म्हणजे वनसेवा असेल. दोन्हींची पूर्वपरीक्षा एकच, पुढची वेगळी.

केळीवाला_रावेर : वर राजदूत लिहिलंय ना भाऊ! जंगलात कुठला राजदूत?

साक्रीकर : राजदूत पदाची वेगळी परीक्षा नसते. यूपीएससीची नागरी सेवा द्यायची, रँक आणि पसंतीक्रमावर परराष्ट्र सेवा मिळते. मग मसुरी आणि दिल्लीच्या सुषमा स्वराज संस्थेत प्रशिक्षण, एक परकी भाषा सक्तीची. वकिलातीत थर्ड सेक्रेटरीपासून काउन्सेलरपर्यंत चढत जायचं, मग राजदूत. छोट्या देशात लवकर नंबर लागतो, वॉशिंग्टन-बीजिंग उतारवयात. तिचं वय, कॅटेगरी, माध्यम?

पांझरा : आधी एमपीएससी द्या. तहसीलदार झाली की गाडी, बंगला, घरचं जेवण. माझा अनुभव.

साक्रीकर : विचारलंय काय, सांगताय काय!

अमळनेरी : मराठी माध्यमाला घाबरू नका. मुख्य परीक्षा, मुलाखत मराठीत देता येते. पूर्वपरीक्षेचा पेपर मात्र हिंदी-इंग्रजीत, आणि इंग्रजीचा पात्रता पेपर चुकत नाही. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूरकडच्या खेड्यातले, मालदीवला उच्चायुक्त झाले.

पांझरा : म्हणजे राजदूत नाही झाले.

अमळनेरी : राष्ट्रकुलातल्या देशात राजदूताला उच्चायुक्तच म्हणतात हो. दर्जा तोच.

तापीकाठ : राजदूताचं अधिकारपत्र राष्ट्रपतींच्या सहीने जातं. 2007 ते 2012 आपल्या जळगावच्या प्रतिभाताईंच्या सहीने गेली!

पांझरा : पोरीच्या जातीला जमेल का? लग्न, सासर, तीन-तीन वर्षांनी नवा देश.

शहादेकर_ताई : परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा 1949 साली रुजू झाल्या, 1970 मध्ये हंगेरीला राजदूत. तेव्हा बाईला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची, लग्न झालं म्हणून नोकरीतून काढताही यायचं. बढती नाकारली तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, 1979 मध्ये कोर्टाने सरकारला सुनावलं. तुम्ही अजून 'जमेल का'वरच?

चोपडावाला : तिले काय व्हनं शे ते तिलेच इचारा ना भो. बाकी यावलला भरीत पार्टी कधी?

केळीवाला_रावेर : वय 32 पूर्ण. मराठी माध्यम. ओबीसी. आता तरी सांगा.

साक्रीकर : हे पहिल्या पोस्टीत हवं होतं! ओपनला 32ची अट आहे, ती संपली, म्हणजे आता सगळं ओबीसीच्या दाखल्यावर. ओबीसीला 35, प्रयत्न 9. जाहिरात वर्षाच्या सुरुवातीला येते. नॉन-क्रिमीलेयरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं, राज्याचं चालत नाही. उत्पन्न आईवडिलांचं बघतात.

केळीवाला_रावेर : केळीच्या बागेचं पण धरतात का?